तात्यांची लाल चिठ्ठी

कंपनीनं श्रमदानासाठी वाटलेल्या पिवळ्या टी-शर्टाला खिसा नव्हता. आम्हा चाळीसेक जणांना त्याचं काही वाटलं नाही. तात्यांनी मात्र तो घरी नेला, बायकोकडून छातीवर खाकी कापडाचा खिसा शिवून घेतला, त्यात आपलं पोलादी माप, व्हर्नियर, अडकवलं आणि सकाळी बसच्या दाराशी येऊन उभे राहिले. पाठीवर छापलेलं ‘एक हात मदतीचा’ आणि पुढं हवालदारासारखा खिसा. कॅन्टीनच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तात्या म्हणाले, “हसा. मापाबिगर मदत म्हंजी आंधारात हाणलेला धोंडा. लागला तर लागला.”

तात्या आमच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पंपाचे ओतीव भाग तपासायचे, बरोबर असले तर पुढं सोडायचे, नसले तर लाल चिठ्ठी बांधायची. कारखाना सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत आणि तात्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या पलीकडचे, माण तालुक्याकडच्या माळावरचे. आठवडाभर इथं एका खोलीत राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते घेऊन कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

मी मनुष्यबळ विभागात. कंपनीच्या समाजकार्याची फाइल माझ्याकडं. शाळेला टाकी, दवाखान्याला बाकडी, एखाद्या गावात झाडं, आणि वर्षातून तीन-चार वेळा कर्मचाऱ्यांना बसमध्ये घालून श्रमदानाला न्यायचं. संध्याकाळी फोटो पुण्याच्या मुख्य कार्यालयाला पाठवायचे. काम वाईट नव्हतं. मला ते आवडायचं, अजून आवडतं. तात्यांविषयी लिहावं असं फार दिवस मनात आहे. लिहिलं नाही, कारण त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर माझी एक गोष्ट सांगावी लागते. ती येईलच.

लाल चिठ्ठीचा नियम आधी सांगतो. कारखान्यात ज्या मालावर ती लागली तो जागचा हलत नाही. बाहेर गिऱ्हाईक गाडी घेऊन उभं असलं तरी नाही. आणि चिठ्ठी ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. मॅनेजरनं हात लावायचा नाही, मालकानंही नाही. दुसरं म्हणजे नुसतं ‘नापास’ लिहून चालत नाही. दोष काय, कुठं, किती, हे खाली लिहावं लागतं. तात्या ते शाळेतल्या बोरूच्या वळणानं लिहीत.

ही चिठ्ठी कारखान्याच्या फाटकाबाहेर गेली ती तासगावच्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेत. आम्ही पिण्याच्या पाण्याची टाकी बांधून दिली होती. फरशी, रंग, कंपनीचं नाव, सगळं झकास. मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना तात्या टाकीपाशी गेले आणि नळासमोर उकिडवे बसले. बसल्या बसल्या हात वर करून त्यांनी तोटी धरायचा प्रयत्न केला. मग पहिलीतल्या एका मुलीला बोलावून तिला हात वर करायला लावला, माप धरलं, खिशातून चिठ्ठी काढली आणि तोटीला बांधली. ‘नळ उंच. पहिलीच्या पोरीला पाच इंच कमी पडतात.’

मुख्याध्यापक भाषण सोडून धावत आले. त्यांना वाटलं, जिल्हा परिषदेची नोटीस आली. मी तात्यांना बाजूला घेऊन म्हटलं, अहो, लोकांसमोर असं करतात का, देणाऱ्यांचं मन तरी बघा.

“मन चांगलं हाय, ते मला दिसतंय की,” तात्या म्हणाले. “माप कुठाय?”

मी हे प्रकरण दाबणार होतो. पण आमचे कारखान्याचे मोठे साहेब तिथं होते. ते टाकीजवळ गेले, चिठ्ठी वाचली आणि पोट धरून हसले. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर करून टाकलं की तात्यांची चिठ्ठी कारखान्यात चालते तशी समाजकार्यातही चालेल. चिठ्ठी असेल तोवर काम झालं असं म्हणायचं नाही. दोन दिवसांत फिटर जाऊन नळ खाली करून आला. तात्या स्वतः गेले, चिठ्ठी सोडली आणि घडी करून खिशात ठेवली.

त्यानंतरची सहा-सात वर्षं आमच्या श्रमदानाला एक वेगळीच गंमत होती. हिशेब विभागाच्या पोरांनी एका शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवला. तात्या त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. रंगवणारे सगळे सांगलीकर, त्यांनी सातारा सांगलीच्या खाली नेऊन ठेवला होता. चिठ्ठी लागली: ‘सातारा जागेवर नाही. वर पाहिजे.’ पोरं म्हणाली, तात्या, एवढं काय, शेजारीच तर आहे. तात्या म्हणाले, “शेजारी हाय म्हून तुमच्या घरात झोपू का?”

वृद्धाश्रमाला द्यायची ब्लँकेटं आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ते स्टोअरच्या टेबलावर ब्लँकेट पांघरून चक्क आडवे झाले. स्टोअरकीपर डबा खात होता. तात्यांनी डोक्यावरून घेतलं तर पाय उघडे, पायावर घेतलं तर छाती उघडी. टेबलावरूनच हात लांब करून त्यांनी चिठ्ठी मागितली. त्यांच्या मते म्हाताऱ्या माणसाला थंडी पायातनं चढते, आणि हे ज्यानं खरेदी केलं त्यानं ते उभ्या उभ्या बघितलं असणार. खरेदी मी केली होती, आणि उभ्या उभ्याच बघितलं होतं.

लोक त्यांना हसत, पण गावोगावी त्यांची वाट बघत. “चिठ्ठीवालं आल्यात का?” असं विचारत. एका सरपंचानं तर स्वतः बोलावून ग्रामपंचायतीच्या नव्या पायऱ्या तपासायला लावल्या. तात्यांनी त्यालाही चिठ्ठी दिली.

हिरवी, म्हणजे पासाची, चिठ्ठी त्यांच्याकडून फार क्वचित निघायची. मला एकच आठवते. कृष्णेला मोठा पूर आला त्या साली आमचा अर्धा कारखाना पूरग्रस्तांच्या छावणीत राबत होता. ट्रकच्या ट्रक येत होते. कुणी पाठवलेल्या साड्या, कुणी पाठवलेले खाऱ्या बिस्किटांचे पुडे. सगळीकडून पुरी-भाजी येत होती आणि लहान पोरं, म्हातारी माणसं ती खाऊन बेजार झाली होती. आमच्या कॅन्टीनच्या दोन बायका आधी छावणीत गेल्या, तास-दीड तास नुसत्या बसल्या, काय खाववतंय ते विचारलं आणि परत येऊन ज्वारीच्या भाकरी आणि पातळ पिठलं करायला घेतलं. भाकरींची चवड टेम्पोत चढत असताना तात्यांनी वरची भाकरी मोडून बघितली. मग पाटीच्या कडीला हिरवी चिठ्ठी बांधली. दोषाच्या रकान्यात लिहिलं, ‘नाही.’ त्या दोघींतल्या एकीनं ती कॅन्टीनमधल्या देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली. अजून तिथं असावी.

चिठ्ठी बांधायची त्यांची एक गाठ होती. सुतळीचे दोन वेढे, एक उलटा पीळ, आणि टोक आतून बाहेर. ओढली की आवळायची. मी ती शिकायचा खूप प्रयत्न केला, कधी जमली नाही. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या मेंढरांमागं फिरणारं. ही गाठ कोकराच्या गळ्यात घंटी बांधायची. वडिलांनी शिकवलेली. तात्या सांगायचे, घाट उतरताना, ओढ्यातनं पोहताना, काटवनात घुसताना कोकराच्या गळ्यातली घंटी पडली तर कोकरू गेलं म्हणून समजा. म्हणून ही गाठ आपणहून सुटत नाही, माणसानंच सोडावी लागते.

आमच्या दोघांत दरवर्षीची एक थट्टा होती, तीही सांगतो. आम्ही जैन. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीला, भेटेल त्याला हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणायची आमची रीत. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, असा अर्थ. ऑफिसात मी सगळ्यांना म्हणायचो, लोकही हसून हात जोडायचे. तात्या मात्र अडून बसायचे.

“दोष लिवल्याबिगर चिठ्ठी चालत न्हाई, साहेब. कशाची क्षमा, तेवढं सांगा.”

मग मला काहीतरी शोधावं लागे. गेल्या महिन्यात तुमची रजा अडवली त्याची, असं म्हटलं की ते गंभीरपणे विचार करून म्हणायचे, “ती व्हय. दिली.” एका वर्षी मला काहीच आठवेना, तर त्यांनीच दोन दोष काढून दिले.

आता ते माळाचं सांगतो.

मुख्य कार्यालयानं ठरवलं की आपल्या कारखान्यानं एक उजाड टेकडी दत्तक घ्यायची. चर खोदायचे, झाडं लावायची, सगळीकडून तारेचं कुंपण घालायचं. तात्यांच्याच भागातली एक टेकडी मी निवडली. त्यांच्या गावापासून दहाएक किलोमीटरवर. ग्रामसभेचा ठराव मी स्वतः जाऊन घेतला, माघ महिन्यात. माणसं कमी होती, पण विरोध कुणाचा नव्हता. वस्तीवरच्या बऱ्याच घरांना कुलपं दिसली. मला वाटलं, मुंबईला असतील कामाला. आम्ही नदीकाठची माणसं. ऊस, द्राक्षं, बेदाणा हे आम्हाला कळतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निम्मी वस्ती घाट उतरून कोकणात जाते आणि ज्येष्ठात परत येते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ठराव घेताना ते डोक्यातच आलं नाही. ज्यांची वाट त्या टेकडीवरून पाणवठ्याला जात होती, ते सगळे त्या दिवशी चिपळूणच्या बाजूला कुणाच्या तरी शेतात खतासाठी मेंढरं बसवून होते.

कुंपण पुरं होत आलं तेव्हा तात्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. ते काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “आवं साहेब, घरांची कुलपं बघितलासा, पर मेंढरांचं वाडगं रिकामं का, ते इचारलं न्हाई.” वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची जागा. त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर त्याच वस्तीवर होतं. दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, दीडशे मेंढरांचा खांड होता. मेंढरं उन्हाळ्यात परत येतात तेव्हा थकलेली असतात, पाण्याच्या वासानं धावतात. वाट बंद असली तर डांबरी रस्त्यानं मोठा वळसा. तात्यांनी सोळा फुटांचं फाटक मागितलं. मी म्हटलं, बघू.

शनिवारी श्रमदान आणि उद्घाटन ठरलं होतं. पुण्याहून मोठी माणसं येणार होती. शुक्रवारी संध्याकाळी तात्यांनी कुंपणाच्या पाणवठ्याकडच्या खांबाला लाल चिठ्ठी बांधली आणि मिळेल त्या एसटीनं कोयनानगरला गेले. दाजी मेंढरं घेऊन कुंभार्ली घाट चढून तिथं आले होते. त्यांना भेटून तात्यांनी शब्द दिला: कुंपण झालंय, पण मी चिठ्ठी बांधलीय, माझी चिठ्ठी साहेब मोडत नाहीत, तुमी येईस्तोवर वाट सुटलेली असेल. स्वतः माळावर थांबायची त्यांना गरज वाटली नाही. चिठ्ठी होती ना.

शनिवारी सकाळी सात वाजता मी सगळ्यांच्या आधी टेकडीवर पोचलो. चिठ्ठी लांबूनच दिसली. ‘मेंढरांची वाट बंद. पाणवठ्याला जायला फाटक नाही. सोळा फूट सोडा.’ मोठ्या साहेबांनी ती बघितली असती तर उद्घाटन थांबवलं असतं, मला पक्कं ठाऊक होतं. आणि पुण्याच्या माणसांसमोर त्यांनी विचारलं असतं, ठराव घेतला तेव्हा ही मेंढरंवाली माणसं कुठं होती?

बढतीसाठी मी केलं असं म्हणायला सोपं आहे. ते खरं नाही. मला लाज वाटली, एवढंच. मी गाठ सोडून बघितली, सुटेना. किल्लीच्या जुडग्याला लहानसा चाकू होता, त्यानं सुतळी कापली. खाली चाळीस माणसांच्या चहासाठी चूल पेटली होती. चिठ्ठी तिच्यात टाकली. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मी फावडं घेऊन सगळ्यांच्या बरोबरीनं चर खोदला. त्या दिवशीचा माझा फोटो कंपनीच्या मासिकात आला, घामानं डबडबलेला.

सोमवारी तात्या माझ्या टेबलाशी आले.

“साहेब, चिठ्ठी?”

“कुठली?”

“खांबाची. पाण्याच्या अंगाची.”

“मी नाही पाहिली,” मी म्हणालो. आणि ते एवढ्यावर थांबलं नाही. मी पुढं म्हणालो, “माळावर वारं केवढं असतं, तात्या. गाठ सुटली असेल.”

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडं आणि बोटाकडं बघितलं. चिमूट करून एकदा हवेतच पीळ दिला. मग म्हणाले, “सुटली म्हणायची.”

मला वाटलं, ते नवीन चिठ्ठी बांधतील. मी तयारीत होतो. पण त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांची बदली झाली, निरोप समारंभात दिवस गेले आणि तात्या गावी आजारी पडून राहिले. ते उठायच्या आत मेंढरं आली. वाट बंद होती. खांड डांबरी रस्त्यानं वळसा घालून निघाला आणि पाण्याचा वास लागल्यावर आवरेना. वळणावर दुधाचा टँकर आला. नऊ मेंढरं जागच्या जागी गेली.

पुढच्या आठवड्यात मी तिथं फाटक बसवून घेतलं. दोन दिवसांचं काम होतं.

दाजींना वाटलं, तात्यांनी चिठ्ठी बांधलीच नव्हती, कंपनीची बाजू घेतली आणि घाटावर येऊन आपल्याला गप्प बसवून गेले. तात्या सांगायला गेले की बांधली होती, पण सुटली. दाजी हसले म्हणे. “मेंढरामागं जल्मलेल्या माणसाची गाठ वाऱ्यानं सुटती व्हय? कुणाला सांगतूस?” आणि माझ्या दारात येऊ नको असं सांगून टाकलं. त्या दिवाळीत बहिणीनं भाऊबिजेचं ताट केलं नाही. हे मला तात्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या गावच्या एका ड्रायव्हरकडून कळलं.

तात्यांनी नव्या साहेबांना लेखी दिलं: गाठ सैल होती, चूक माझी, इथून पुढं बाहेरच्या कामाचं इन्स्पेक्शन माझ्याकडं देऊ नये. तो कागद माझ्याच टेबलावरून पुढं गेला. मी त्याच्यावर सही केली, ‘पाहिले’ म्हणून. त्या भाद्रपदात मी त्यांना हात जोडून उत्तम क्षमा म्हटलं. कशाची, हे त्यांनी विचारलं नाही. “दिली, दिली,” म्हणाले आणि मशीनकडं वळले. मुदतीच्या वर्षभर आधी त्यांनी निवृत्ती घेतली. समारंभाला मी भाषण केलं. चांगलं झालं, असं लोक म्हणाले.

दरवर्षी क्षमावणीला मी त्यांना फोन करायचो. दरवर्षी तेच, “दिली, दिली.” या वर्षी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. बायकोला म्हटलं, जरा माणकडं जाऊन येतो.

विट्याहून पुढं गेलं की रस्त्याकडेचा ऊस संपतो आणि मोकळा माळ सुरू होतो. भाद्रपदात तिकडं मटकी, हुलगा उभा असतो. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. बारीक झालेले. मला बघून उठले, हात जोडले. वहिनींनी पाणी दिलं, भाकरी टाकू का विचारलं आणि तात्यांकडं बोट करून म्हणाल्या, “आदी ह्येंच्या हाताखाली भाकरी पास व्हायाची न्हाई. आता करपली तरी गप खात्यात.” आणि हसल्या. तात्याही हसले, पण तात्यांसारखे नाही.

मी उभ्यानंच सांगायला लागलो. बसलो असतो तर सांगवलं नसतं. म्हणालो, तात्या, क्षमा मागायला आलोय, आणि कशाची तेही सांगतो. शनिवार, सकाळचे सात, पाणवठ्याकडचा खांब. चिठ्ठी मी काढली. चुलीत घातली. सोमवारी तुमच्याशी खोटं बोललो.

तात्या बाजेवर टेकले. दावणीला एक शेळी होती, तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मला, कारखान्यात विचारायचे तसं, एकेक विचारलं.

“सोडलीसा का वडलीसा?”

“सोडून बघितली. सुटली नाही.”

“मग?”

“कापली. चाकूनं.”

“म्हंजी सुटली न्हवती.”

“नव्हती.”

ते स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले. “ऐकलंस का? सुटली न्हवती.” वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. तात्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. मग माझ्याकडं बघितलं, आणि आता पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत राग आला.

“वारं गाठ सोडंल ह्ये मला पटलं न्हवतं, साहेब. गाठीवं बी संशय न्हवता. पर तुमी म्हनालासा, म्हून खरं धरलं. चार भाऊबिजा झाल्या.”

मी हात जोडले. ते म्हणाले, “मला सांगून काय उपेग? जिथं सांगायचं तिथं सांगा. चला.” पायात चपला घातल्या आणि माझ्या आधी गाडीत जाऊन बसले.

आम्ही दहा किलोमीटर गेलो. टेकडी लागली. कुंपणाची तार कुणीतरी केव्हाच नेली होती, नुसते खांब होते. आमची झाडंही फारशी नव्हती. मेंढरांची वाट मात्र मधून गेलेली स्वच्छ दिसत होती.

वस्तीवर दाजी लिंबाखाली बसून मेंढराचा खूर साफ करत होते. तात्या अंगणाच्या कडेला, जिथं शेणानं सारवलेली जमीन सुरू होते, तिथं थांबले. पुढं आले नाहीत. मी गेलो. कोण, कुठला, ते सांगितलं. मग घडलं तसं सगळं सांगितलं, चाकूसकट. दाजी मान खाली घालून ऐकत होते. खूर सोडला नाही. माझं संपल्यावर त्यांनी ते मेंढरू सोडून दिलं, हात धोतराला पुसले आणि विचारलं, “ही चार वर्सं तुमी कुटं हुता?”

“सांगलीतच,” मी म्हणालो.

“बरं,” दाजी म्हणाले.

आतून बहीण आली. तात्यांहून थोरली, वाकलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं सगळं आतून ऐकलं असावं. हातात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या होता. आमच्याकडं वाटसराला पाणी आधी देतात. पण ती माझ्यासमोरून गेली, नवऱ्यासमोरून गेली, अंगण ओलांडून कडेला उभ्या असलेल्या भावाच्या हातात तो दिला आणि तिथंच उभी राहिली.

तात्या प्यायले नाहीत. तांब्या वर धरला, खालून बघितला, बुडावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

“आक्का, ह्यो बुडाला झिरपतोय.”

“झिरपतोय की,” ती म्हणाली. “सांगायला कोन हुतं?” आणि त्याचा दंड धरून तिनं त्याला आत नेलं.

दाजी उठले आणि त्यांच्यामागून गेले. मी लिंबाखाली उभा होतो. आतून भांड्यांचा, बोलण्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळानं तात्या दारात आले आणि म्हणाले, “तुमी निघा, साहेब. मी ऱ्हातो आज हितंच.”

मला कुणी पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तर घ्यावं की नाही, हे मला कळलं नसतं. मी गाडी वळवली.